कोणत्या कॅमेऱ्याची कोणती लेन्स

मंगळवारी सकाळी माझी बायको वारली. दुपारी तिला इरई नदीच्या काठी नेलं. संध्याकाळी चिमूरहून तिची बहीण आली.

बहीण तेरवीपर्यंत राहिली आणि तेरवीनंतरही राहिली. माझ्या या मेहुणीचं दुःख हातांतून बाहेर पडतं. दुसरी माणसं रडतात, नाहीतर भिंतीकडे बघत बसतात. ही झाडू घेते. आमच्या घरात वर्षानुवर्षं जागची न हललेली प्रत्येक वस्तू तिने त्या दिवसांत हलवली. माळ्यावरची पितळी भांडी चिंच लावून घासली. पंख्याची पाती पुसली. माझ्या पुस्तकांच्या कपाटांकडेही तिची नजर गेली होती, पण तिथे मी खुर्ची टाकून बसलो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आहे. पुस्तकांसमोर खुर्ची टाकून बसणं आणि कोणाला हात लावू न देणं, हे काम मला चांगलं जमतं.

बायकोला टिकल्या कुठेही चिकटवायची सवय होती. रात्री कपाळावरची टिकली काढली की हाताशी जे असेल त्यावर ती लागायची. आरसा, फ्रिज, कॅलेंडर, देव्हाऱ्याची चौकट. एकदा माझ्या चष्म्याच्या डबीवर होती आणि ती डबी समोर ठेवून मी एका चर्चासत्रात निबंध वाचला होता. अध्यक्ष संपूर्ण वेळ डबीकडे बघत होते. मला वाटलं निबंधात तथ्य आहे.

मेहुणीने त्या सगळ्या टिकल्या काढल्या. नखाने एकेक उचलायची, पदराला डोळे पुसायची, पुढची उचलायची. माणूस गेल्यावर त्याच्या टिकल्या अशा घरभर बघत राहू नयेत, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मला ते बघवेना. मी अंगणात जाऊन बसलो. त्यामुळे ती आतल्या लोखंडी कपाटापर्यंत कधी पोचली ते मला समजलं नाही.

त्या कपाटात बायकोचे कॅमेरे होते.

माझी बायको फोटोग्राफर होती. चंद्रपुरात बाजाराच्या रस्त्याला तिचा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नं, बारशी हे बारमाही चालायचं, पण तिचा खरा हंगाम दिवाळीच्या सुमाराला लागायचा. वडशाला आमच्या झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्या आहेत. धान निघालं की गावोगाव नाटकं लागतात, आणि नाटक लागायचं तर पोस्टर लागतं. ती वडशाला जायची आणि भर उन्हात, रंग लावलेल्या नटांना भिंतीशी उभं करून फोटो काढायची. मी एकदाच बरोबर गेलो होतो. टपरीवर एक इन्स्पेक्टर, एक दरोडेखोर आणि एक दुखियारी आई एकाच बशीतली भजी खात होते. बायकोने हाक मारली तशी आईने तोंड पुसलं आणि तिथल्या तिथे डोळ्यांत पाणी आणलं.

हे काम ती दोन प्रेस कॅमेऱ्यांवर करायची. नागपूरच्या एका बंद पडलेल्या वर्तमानपत्राच्या सामानातून तिने ते आणले होते. दोन्ही जपानी. एक करडा, जुना. दुसरा काळा, त्याच्यानंतरचा. वजन असं, की हातात घेतलेला माणूस वार्ताहर कमी आणि गवंडी जास्त वाटावा. त्यात रुंद फिल्मचा रोल बसतो आणि निगेटिव्ह पत्त्यांच्या कॅटमधल्या पानाएवढी निघते. सगळं जग मोबाइलवर गेलं तरी ती रोल मागवतच राहिली. मी विचारलं की म्हणायची, "तुम्ही पुस्तकं मोबाइलवर वाचता का?" मग मी विचारायचं सोडून दिलं.

या कॅमेऱ्यांची एक खोड आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वरच्या लहान खिडकीतून पाहिलं की समोरचा माणूस जोडीने दिसतो, एकाशेजारी एक. लेन्सचं कडं फिरवत गेलं की ती दोन माणसं जवळ येतात आणि एक होतात. एक झाली की फोकस बसला. पण खिडकीला हे लेन्सच सांगते. लेन्सच्या पाठीची कड कॅमेऱ्याच्या तोंडातली एक बारीक कळ दाबते आणि त्यावर खिडकी हलते. लेन्स त्याच कॅमेऱ्याशी जुळवलेली असली तर खिडकी खरं बोलते. दुसरी लावली तरी ती घट्ट बसते, शटर वाजतं, खिडकीत माणूस एक झालेला दिसतो, आणि फोटो मात्र अंधुक येतो. तोही रोल धुतल्यावर कळतं. म्हणजे फोटोतला माणूस घरी जाऊन जेवून झोपल्यावर.

हे सगळं मी आता सांगू शकतो. बायको हयात असताना सांगू शकलो नसतो. ती सांगायची तेव्हा माझ्या हातात पुस्तक असायचं आणि मी "हं" म्हणायचो. माझ्या "हं"चे प्रकार तिला पाठ होते. "हा पान उलटायचा हं," ती म्हणायची, "अन् हा झोपेचा."

नागपूरच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत ती मला म्हणाली, "करडा कॅमेरा आलापल्लीच्या पोरीले द्या. त्याची लेन्स त्याच्यासोबतच द्या. जोडी फोडू नका. काळा आपला, तो घरी राहू द्या."

"हं," मी म्हणालो.

"हं नका म्हणू. करड्याची लेन्स कशी ओळखाल?"

"टिकलीवरून."

"कोणत्या?"

"करड्यावर हिरवी, त्याच्या लेन्सवर हिरवी. काळ्यावर लाल, त्याच्या लेन्सवर लाल. तिसरी लेन्स बिनटिकलीची, जास्तीची."

तिने माझ्याकडे पाहिलं. "झाले बापा एकदाचे पास," ती म्हणाली.

तिने मागितलेलं असं हे एकच. साडी कोणाला, दागिना कोणाला, यातलं काही ती बोलली नाही.

आलापल्लीची पोरगी म्हणजे आता पोरगी नाही. तिची स्वतःची मुलं शाळेत जातात. लग्नाआधी ती बायकोच्या स्टुडिओत कामाला होती, वडशाला तिच्याबरोबर जायची. आता आलापल्लीला तिचा स्टुडिओ आहे. तिच्या डोक्यात एक काम होतं. आलापल्लीच्या पलीकडच्या गावांतली जी फार म्हातारी माणसं आहेत त्यांचे मोठ्या निगेटिव्हवर फोटो काढायचे. बायकोला ते फार पटलं होतं. त्या कामासाठीच करडा कॅमेरा.

तेरवीनंतर तिचा फोन आला. "सर, पुढच्या आठवड्यात येऊन राह्यली. घाई नाई तसी. पण दोघं-तिघं म्हातारे लय थकले जी."

मी म्हटलं ये, आणि कॅमेरे पुसून ठेवावेत म्हणून कपाट उघडलं.

दोन्ही कॅमेरे लख्ख होते. लेन्स निघालेल्या होत्या आणि तिन्ही ओळीने एका धुतलेल्या पंच्यावर मांडलेल्या होत्या. काळ्या, एका मापाच्या, एकाच ताकदीच्या, एका आईच्या तीन लेकी असाव्यात तशा. टिकली एकीवरही नव्हती. गोंदाचं वर्तुळसुद्धा नव्हतं.

"बाई," मी मेहुणीला हाक मारली, "इथल्या टिकल्या?"

"काढल्या न भाऊजी. अन् गोंद निघता निघेना, मंग खोबरेल तेल लावलं. कसं चकचक करून राह्यलं पाहा."

"कोणती कुठली होती, काही आठवतं?"

"टिकली मंजे टिकली. तिचं काय आठवाचं?" मग माझा चेहरा बघून ती खाली बसली. "काऊन? कामाची होती का ते?"

मी सांगितलं. तिने पंच्याचं टोक ओढून सरळ केलं. मग म्हणाली, "हे ताईचंच चुकलं. कामाच्या जागी कोणी टिकली लावते का? अन् लावली त सांगाव नाई मले?" आणि रडू लागली. मी तिच्यासाठी चहा ठेवला. आमच्या घरात त्या दिवसांत चहा फार झाला.

मी ग्रंथपाल माणूस. हरवलेल्या पुस्तकाची जागा कशी शोधायची हे मला माहीत आहे: पाठीवर क्रमांक असतो. लेन्सवरही क्रमांक होते, समोरच्या कड्यावर बारीक कोरलेले. मी भिंग घेऊन ते आणि कॅमेऱ्यांवरचेही उतरवले. भिंगाखाली तिन्ही लेकींमधला फरकही दिसला. एकीच्या काचेत पांढऱ्या कागदावर धरली तर फिकट पिवळी झाक होती. एकीच्या काचेला काठाजवळ बारीक चरा होता. तिसरी स्वच्छ, जणू दुकानातून आत्ताच आली असावी. कोणत्याही भल्या माणसाने द्यायला हीच उचलली असती.

मग मी एका ओळखीतून नागपूरच्या एका संग्राहकांना फोन केला. त्यांच्याकडे असे कॅमेरे खोलीभर आहेत. इतके, की फोटो काढायला त्यांना सवड होत नाही.

"नंबर बोला," ते म्हणाले. "आधी बॉडीचे, मग लेन्सचे."

मी बोललो. मध्येच बायको गेल्याचंही सांगितलं, टिकल्यांचंही आणि तेलाचंही. बायकोबद्दल ते "अरेरे" म्हणाले. टिकल्यांबद्दल "अरे बापरे" म्हणाले. तेल म्हटल्यावर मात्र पलीकडे कितीतरी वेळ आवाजच आला नाही.

"काचेवर नाही ना?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही. कडांवर."

"मग चालते," ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात जो दिलासा होता तो मला तेरवीला आलेल्या कित्येकांच्या स्वरात सापडला नव्हता. त्यानंतर त्यांनी निकाल दिला. कारखान्यातून कोणत्या क्रमांकाच्या कॅमेऱ्याबरोबर कोणत्या क्रमांकाच्या लेन्स निघत याचा त्यांचा अभ्यास होता. "करड्याची ओरिजिनल ती स्वच्छवाली. पिवळी काळ्याची. चरावाली कुठूनतरी नंतर आली, तिला विचारू नका. सर, मी हे डोळे मिटून सांगून राह्यलो."

मला फार बरं वाटलं. क्रमांक होता, क्रमांकाप्रमाणे जागा होती. मेहुणीलाही बरं वाटलं, कारण द्यायची ती चांगली दिसणारी निघाली. "ताईच्या नावानं देऊन राह्यलो आपण," ती म्हणाली, "त देनं कसं दिसलं पाह्यजे." आम्ही स्वच्छ लेन्स करड्याला लावली, पिवळी काळ्याला लावली, आणि चरा पडलेली एका मोज्यात घालून ठेवली.

आलापल्लीची पोरगी सकाळच्या गाडीने आली. बायकोच्या फोटोसमोर हात जोडून उभी राहिली, मेहुणीच्या गळ्यात पडून रडली, जेवली, आणि मग करडा कॅमेरा हातात घेतला. पहिल्यांदा तिने त्याला उलटा केला.

"टिकली कुठी गेली, सर?"

मी मेहुणीकडे पाहिलं. मेहुणीने पंख्याकडे पाहिलं.

मी सगळं सांगितलं. क्रमांक, संग्राहक, निकाल. तिने ऐकून घेतलं. "मले बी लेन्स पाहून नाई ओळखता येत," ती म्हणाली. "मी हिरवी टिकली पाहाची अन् लावाची. दुसरं काई पाहाचं कामच नाई पडलं कधी." मग म्हणाली, "पण टेस त केली असन न तुम्ही? पुस्तकावर?"

"कोणत्या पुस्तकावर?"

"तुमच्याच जी. मॅडम नाई का करत, गच्चीवर? ते आठ जाडे पुस्तकं नेऊन?"

इथे मला थोडं मागे जाऊन सांगायला हवं. माझ्याकडे एका मोठ्या कोशाचे आठ खंड आहेत. दरवर्षी पावसाळा संपला की बायको ते गच्चीवर न्यायची आणि दुपारनंतर खाली आणायची. आणताना क्रम हमखास चुकायचा. सहावा दुसऱ्याच्या जागी, पहिला शेवटी. मी तो लावून घ्यायचो आणि काही बोलायचो नाही, कारण पुस्तकांना कसर लागू नये म्हणून पावसाळ्यानंतर ती त्यांना ऊन दाखवते, अशी माझी समजूत होती. मी हे लोकांना कौतुकाने सांगायचो. ग्रंथालयाच्या एका कार्यक्रमात तर भाषणात सांगितलं होतं, की ग्रंथांवर प्रेम करणारी सहधर्मचारिणी लाभणं हे भाग्य असतं. ती पहिल्या रांगेत बसली होती. तिने नम्रपणे मान खाली घातली होती. तिचे खांदे हलत होते ते मी भावनेने समजलो.

"मॅडम म्हणत," पोरगी म्हणाली, "सरांच्या कपाटात कामाचं पुस्तक एकच हाय, ते बी आठ भागात."

मेहुणी त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा हसली. तोंडावर पदर धरून, पण हसली.

मी खुर्चीवरून उठलो आणि खंड काढून दिले.

गच्चीवर दोन स्टुलांवर फळी टाकली. पोरीने आठही खंड पाठी कॅमेऱ्याकडे करून तिरपे मांडले, प्रत्येक आधीच्यापेक्षा चार बोटं मागे, जिन्याच्या पायऱ्या असतात तसे. कॅमेरा तिपाईवर चढवला. रीत अशी: खिडकीतून बघत चौथ्या खंडावरचा चार जोडायचा. मग कॅमेऱ्याचं पाठचं झाकण काढून तिथे घासून दुधी केलेली काच लावायची, शटर उघडं ठेवायचं, आणि डोक्यावरून काळं कापड घेऊन काचेवर बघायचं. खिडकी खोटं बोलू शकते. काच बोलू शकत नाही, तिच्यावर लेन्समधून जे येतं तेच पडतं, फक्त उलटं. काचेवरही चारच स्पष्ट असला तर जोडी बरोबर. दुसराच आकडा स्पष्ट असला तर लेन्स त्या कॅमेऱ्याची नाही.

"काळं कापड?" मी विचारलं.

"मॅडम परकर घेत."

मेहुणीने परकर आणून दिला, पण देताना कुरकुरली. "भाऊजी, आजूबाजूचे लोक पाहून राह्यले. काल तेरवी झाली अन् आज हे."

तेरवी काल झाली नव्हती, पण लोक पाहत होते हे खरं. समोरच्या गच्चीवरच्या वहिनी मिरच्या वाळत घालायचं सोडून कठड्याला टेकल्या होत्या. मी बायकोचा परकर डोक्यावरून घेतला. आत साबणाचा वास होता. मेहुणीने तोही धुतला होता.

काच आधी नुसती करडी दिसली. डोळे सरावले तसे तिच्यात माझे आठ खंड उतरले, उलटे टांगलेले, इतके लहान आणि इतके रंगीत, की मी कितीतरी वेळ फोकस बघायचं विसरलो. इतकी वर्षं या खंडांकडे मी रोज पाहिलं होतं. इतके सुंदर ते मला कधी दिसले नव्हते.

"सर, कोणता साफ दिसून राह्यला?" बाहेरून आवाज आला.

करड्याला स्वच्छ लेन्स लावलेली होती, क्रमांकाप्रमाणे. खिडकीत चार जोडलेला होता. काचेवर चार धुक्यात होता. स्पष्ट होता तो सहा.

"सहा," मी म्हणालो.

"मंग नाई याची."

मी पुन्हा बघितलं. पोरीने पुन्हा जोडलं. पुन्हा सहा. पिवळी लावली, तिसरा खंड. मग मोज्यातून चरावाली काढली. तिने खिडकीतून चार जोडला, शटर उघडलं, आणि मी परकराखाली वाकलो. चार. उलटा, लहान, आणि असा, की पाठीच्या कापडाचे धागे दिसावेत.

मी बाहेर आलो आणि परकर पोरीला दिला. तिने बघितलं. "चार," ती म्हणाली.

"असं कसं?" मेहुणी म्हणाली. "नागपूरवाल्यानं नंबरावरून सांगतलं न? अन् चरा पडलेली वस्तू द्याची, मेलेल्या माणसाच्या नावानं? लोक काय म्हनतीन? चांगली ठेवून घेतली अन् फुटकी दिली."

खरं सांगायचं तर माझंही मन क्रमांकाकडे ओढत होतं. ज्या पुस्तकाचा जो क्रमांक, त्याची ती जागा, यावर माझी सगळी नोकरी उभी होती. आणि ती चरावाली लेन्स दिसतही होती तशीच, कोणाला देऊ नये अशी. पण चूक झाली तर त्याचा पत्ता आलापल्लीच्या पलीकडे एखाद्या अंगणात, एखादा म्हातारा उन्हात बसून गेल्यानंतर लागणार होता, आणि तो पुन्हा बसायला उरला असता की नाही कोणास ठाऊक. पोरीने आपणहून ही लेन्स मागितली नसती. ती माझ्याकडे बघत उभी होती.

"बाई," मी मेहुणीला म्हणालो, "तुम्ही बघा."

"मी? मले काय समजते त्यातलं?"

"आकडे समजतात ना?"

तिने आधी समोरच्या वहिनींकडे एक कडक नजर टाकली. वहिनी मिरच्यांकडे वळल्या. मग ती बहिणीच्या परकराखाली गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आत काय चाललं होतं ते आम्ही विचारलं नाही. शेवटी आतून आवाज आला, "सगळं उलटं हाय जी."

"हो. पण साफ कोणता आहे?"

"चार. चारच हाय." बाहेर आली तेव्हा तिचे केस विस्कटले होते. "स्वच्छवाली लावून दाखवा."

पोरीने लावून दाखवली.

"सहा," मेहुणी परकरातून म्हणाली. मग बाहेर येऊन तिने चरावाली लेन्स हातात घेतली, उन्हात धरली, आणि चरा पदराने पुसून जातो का ते पाहिलं. "हे फोटोत दिसन का पण?"

"नाई दिसत, मावशी. काठावर हाय."

"मंग घेऊन जा," मेहुणी म्हणाली. "लोकाईले मी पाहून घेतो."

चरावाली लेन्स करड्या कॅमेऱ्यावर चढली. मेहुणीने ती जोडी एका जुन्या स्वेटरात गुंडाळली, वर जवसाच्या चटणीची पुडी बांधली, आणि चटणीचं तेल काचेला लागू देऊ नको अशी ताकीदही दिली. तेलाबद्दल तिला आता फार समजत होतं.

निघण्याआधी मी पोरीला म्हटलं, खंड मांडलेलेच आहेत तर काळ्याचीही जोडी बघून टाकू. दोन लेन्स उरल्या होत्या. त्यांतली एक लाल टिकलीची असणार.

काळ्याला स्वच्छ लावली. पाचवा खंड स्पष्ट. पिवळी लावली, तिसरा. चार एकीलाही आला नाही. आम्ही तिपाई हलवली, फळी हलवली, परकराखाली आळीपाळीने तिघंही गेलो. पाच आणि तीन.

"हो, बरोबर," पोरगी एकदम म्हणाली. "हा मॅडमचा सोताचा होता न. हा त्याईनं जुळवलाच नव्हता. दुसऱ्याच्या हातात जाते तोच जुळवाचा, म्हणत. याच्यावर फोटो काढताना त्या खिडकीत जोडत, अन् मंग शेवटी कडं जरासं फिरवून देत. असं." तिने हवेत अंगठा आणि बोट फिरवलं.

"कुठल्या बाजूला?"

तिने पुन्हा फिरवून पाहिलं. मग विरुद्ध बाजूला फिरवून पाहिलं. "नाई सांगता येत, सर. मी समोर उभी राहून रिफ्लेक्टर धरत होती. मले उलटं दिसे."

"आणि किती?"

"ते त त्याईच्या हातालेच माहीत."

संध्याकाळच्या गाडीला मी तिला बसवून दिलं.

काही आठवड्यांनी तिने मोबाइलवर एक फोटो पाठवला. माडियांच्या एका गावातला म्हातारा, झोपडीच्या कुडाशी बसलेला. कुडाच्या बांबूच्या कामट्या मोजता येत होत्या. म्हाताऱ्याच्या कानातले केससुद्धा मोजता आले असते, कोणाला मोजायचे असते तर. मेहुणीने चष्मा लावून तो मोठा करकरून पाहिला आणि "चरा नाई दिसत" असा निर्वाळा दिला. नंतर ती चिमूरला गेली. जाताना देव्हाऱ्याची चौकट पुन्हा एकदा पुसून गेली.

मी नागपूरच्या संग्राहकांनाही कळवलं. त्यांना काही ते पटलं नाही. "फोटो साफ येते मंजे ओरिजिनल होते असं नाही, सर," ते म्हणाले, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबर असावेत. पण त्यांचं मन मोठं आहे. काळा कॅमेरा पाठवा, म्हणाले. आत एक स्क्रू असतो, तो फिरवला की दोन्हींतली कोणतीही लेन्स त्याला जुळवून देता येते, कोणालाही वापरता येईल असा करून देतो.

मी पाठवतो म्हणालो. अजून पाठवलेला नाही.

काळा कॅमेरा कपाटात आहे. त्याच्याशेजारी दोन लेन्स आहेत. त्यांतली एक त्याची आहे. कोणती, हे मला माहीत नाही.